तेरीज जुळल्यानंतर



आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने जमाखर्चावर व्याख्यान द्यावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते गणिताचे शिक्षक होते, आणि हिशेब हीदेखील एक भाषाच आहे. तिला शब्दसंग्रह आहे, व्याकरण आहे आणि तिच्यात खोटेही बोलता येते. म्हणून हा विषय मला परका वाटत नाही.

लेखा-तंत्रज्ञ नावाची एक प्राथमिक पात्रता आहे. आपल्या देशात भारतीय परिव्यय लेखापाल संस्था बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी असा अभ्यासक्रम चालविते. इंग्लंडात या वर्गाची स्वतंत्र संघटना 1980 साली स्थापन झाली. सनदी लेखापालाची प्रतिष्ठा या पात्रतेला नाही. व्यवहार नोंदणे, खतावणे, पडताळणे, कराची विवरणपत्रे तयार करणे, एवढाच तिचा आवाका. पण मोठ्या लेखापालांची सारी इमारत ज्या नोंदींवर उभी राहते, त्या याच हातांनी होतात.

आमच्या आळीतील एक मुलगी या परीक्षेची पुस्तके घेऊन माझ्याकडे येऊ लागली. दहावीपर्यंत ती याच शाळेत मराठीतून शिकली, पुढे वाणिज्य शाखा गुजरातीतून, आणि आता हातात पुस्तक इंग्रजी. तिला माझ्याकडून इंग्रजी हवे होते. दोन-चार दिवसांतच ध्यानात आले की, तिची अडचण इंग्रजीची नव्हती. 'उधार' या शब्दापाशी ती अडखळत होती. आपल्या घरात उधार म्हणजे पैसे मागाहून देण्याच्या बोलीवर घेतलेला माल. गुजराती पाठ्यपुस्तकात मात्र उधार म्हणजे खात्याची नावे बाजू. शब्द एक, अर्थ दोन. आणि दोन्ही तिचे स्वतःचेच! त्यातच बँकेच्या पासबुकात आपण भरलेली रक्कम जमेला दिसते, आणि आपल्या वहीत बँकेचे खाते मात्र नावे पडते. हे असे का, हे तिला कोणी सांगितले नव्हते. बँकेच्या दृष्टीने आपण धनको आणि आपल्या दृष्टीने बँक ऋणको, हे उमगताच तिचा चेहरा उजळला. वही कोणाची, हे आधी विचारावे. मग नोंद वाचावी. साहित्याच्या वर्गात निवेदक कोण, हे मी प्रथम विचारीत असे. प्रश्न तोच आहे.

मग आम्ही चार रकान्यांची एक वही केली : मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी. रोजकीर्दीसमोर आमनोंध, तेरीजपत्रकासमोर काचुं सरवैयुं, ताळेबंदासमोर पाकुं सरवैयुं. यात नवे काहीच नव्हते. याच बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या राजवटीत 1931 साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषिक कोश प्रसिद्ध झाला होता. अनेक भाषांत वावरणाऱ्या नगराला अशी साधने लागतात, हे त्या राज्यकर्त्यांनी ओळखले होते. आपण मात्र ते ओझे एकेकट्या मुलांवर टाकून मोकळे झालो आहोत.

द्विनोंदी पद्धतीचे विवेचन लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात केले. पद्धत त्याने शोधली नव्हती. व्यापाऱ्यांची रीत त्याने शब्दबद्ध केली. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहावयाचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बेरजा समान येतात. विद्यार्थी तेरीज जुळली की सुटकेचा निःश्वास टाकतात. वस्तुतः परीक्षा तेथूनच सुरू होते. एखादा व्यवहार मुळीच लिहिला नाही, तर दोन्ही बाजू सारख्याच उण्या राहतात. नव्या यंत्राची किंमत दुरुस्तीखर्चात घातली, तर नफा चुकतो, बेरीज चुकत नाही. दोन चुका कधी एकमेकींना झाकतात. जुळलेली तेरीज सत्याची ग्वाही देत नाही. फक्त अंकगणिताची देते.

आज खतावणी संगणक करितो. मग माणसाने शिकावयाचे काय? कोणती रक्कम कोणत्या खात्याची, हा निर्णय. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आल्यापासून लहान कारखानदारालाही बीजक-बीजक ताडून पाहावे लागते. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या संगणकप्रणालीत प्रत्येक फेरफाराची नोंद राहणे बंधनकारक झाले आहे. वहीत खाडाखोड करू नये, चूक झाली तर दुरुस्तीची वेगळी नोंद करावी, हा जुन्या कारकुनांचा दंडकच कायद्याने नव्या रूपात आणला.

ती मुलगी पहिल्या खेपेस थोड्या गुणांनी राहिली, दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाली. मकरपुऱ्याच्या एका छोट्या कारखान्यात ती आता हिशेब लिहिते. मालकांनी घरच्या लग्नातील मंडपाचे बिल कारखान्याच्या खर्चात घालण्यास सांगितले, तेव्हा ती नम्रपणे म्हणाली, "काका, हे तुमच्या उचलीच्या खात्यात जाईल." ते चिडले. दोन दिवस बोलले नाहीत. नोंद मात्र उचलीतच राहिली. तेरीज दोन्ही रीतींनी जुळलीच असती, हे ध्यानी घ्या. अल्प पगाराची, नोकरीत नवी असलेली ती मुलगी ज्या बळावर उभी राहिली, ते बळ तिला शब्दाच्या नेमक्या अर्थातून मिळाले होते. खर्च म्हणजे काय आणि उचल म्हणजे काय, हे तिला घोकंपट्टीने नव्हे, समजून ठाऊक होते.

येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांत कित्येक व्यापारी, बँक कर्मचारी, लेखापाल आहेत. त्यांच्यापाशी माझे दोनच मागणे आहे. आपल्या कार्यालयात अशा एखाद्या परीक्षार्थीला आठवड्यातून दोन तास खऱ्या वह्यांजवळ बसू द्यावे. आणि ती चार रकान्यांची वही पूर्ण करून शाळेच्या ग्रंथालयात ठेवण्यास हातभार लावावा. गणिताच्या त्या अध्यापकांना याहून उचित आदरांजली मला सुचत नाही.