बोटीचा नियम किनाऱ्यावरच ठरवा



भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा १५ मार्च २०२० रोजी सुरू झाली. अलिबाग तालुक्यानं तिची कितीतरी वर्षं वाट पाहिली होती. गाडीसकट बोटीत चढायचं, वडखळच्या वाहतूककोंडीत अडकायचं नाही आणि तासाभरात मांडव्याला उतरायचं, अशी ती सोय. पण आठवडा-दीड आठवड्यात देशभर टाळेबंदी लागली आणि नवीकोरी बोट धक्क्याला बांधून ठेवावी लागली. ती पुन्हा निघाली ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तोंडावर. बोट कशी चालवायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. साथीच्या काळात बोटीत माणसं कशी बसवायची, कोणाला चढू द्यायचं, कोणाला थांबवायचं आणि कोणत्या आधारावर, याचं उत्तर मात्र तेव्हा कोणाकडेच तयार नव्हतं. पुढची दोन वर्षं ही उत्तरं घाईघाईनं दिली गेली, बदलली गेली, काही न्यायालयात गेली. आज साथ ओसरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. म्हणूनच हा विषय आज घेतला आहे. बोटीवरच्या प्रवाशांसाठी लशीचा आणि मास्कचा नियम काय असावा, हे डोकं थंड असताना ठरवावं, आणि तो ठरवताना सहलीचं जहाज आणि रोजची लाँच यांना एका मापानं मोजू नये, असं माझं म्हणणं आहे.

आधी जहाजावर रोग कसा वागतो ते पाहू. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे पर्यटक जहाज अडवून ठेवलं गेलं. प्रवासी आणि कर्मचारी मिळून त्यावर ३,७११ माणसं होती. त्यांपैकी ७१२ जणांना कोविडची लागण झाली. आपल्या दृष्टीनं यातली महत्त्वाची गोष्ट अशी की लागण झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना चाचणीच्या वेळी कोणतंही लक्षण नव्हतं. ताप नाही, खोकला नाही. म्हणजे जिन्याच्या तोंडाशी कपाळावर तापमापक धरून ‘जा पुढे’ म्हणणारी तपासणी यातल्या निम्म्या बाधितांना बिनदिक्कत आत सोडते. दुसरी गोष्ट कर्मचाऱ्यांची. प्रवाशांना आपापल्या खोलीत थांबायला सांगितलं गेलं. पण त्यांच्या दारापर्यंत जेवण पोचवणारी माणसं काम करतच राहिली, एकत्र जेवत राहिली, एकाच खोलीत दोघं-तिघं झोपत राहिली. या कर्मचाऱ्यांत १३२ भारतीय होते. कोकण आणि गोव्यातल्या असंख्य घरांची चूल जहाजावरच्या नोकरीवर पेटते. तेव्हा ही बातमी इथल्या घरांना परक्या देशातली वाटली नाही.

पुढे लस आली. मग चित्र किती बदललं? डिसेंबर २०२१ मध्ये ‘सिंफनी ऑफ द सीज’ हे अवाढव्य जहाज मायामीला परतलं तेव्हा त्यावर सहा हजारांहून जास्त माणसं होती आणि त्यांतल्या ९५ टक्के लोकांचं लसीकरण पूर्ण झालेलं होतं. तरी ४८ जण बाधित निघाले, आणि तेही जवळजवळ सगळे लस घेतलेले. मात्र कोणाला लक्षणंच नव्हती, तर कोणाला अगदी सौम्य होती. या दोन जहाजांची सरळ तुलना करता येणार नाही हे मान्य. विषाणूचा प्रकार वेगळा होता, चाचण्यांची पद्धत वेगळी होती, बाधितांना वेगळं काढण्याची तयारीही वेगळी होती. पण एवढं नक्की दिसतं की लशीचा दाखला म्हणजे ‘या माणसाकडून दुसऱ्याला रोग होणार नाही’ अशी हमी नव्हे. ‘हा माणूस आजारी पडला तरी बहुधा गंभीर होणार नाही’ एवढंच तो दाखला सांगतो. समुद्रावर मात्र या दुसऱ्या गोष्टीची किंमत फार मोठी आहे. जहाजावरचा दवाखाना छोटा असतो, खाटा मोजक्या असतात, प्राणवायूचा साठा ठरावीक असतो. जमिनीवर रुग्णवाहिका बोलावता येते. भर समुद्रात पुढचं बंदर येईपर्यंत वाट पाहावी लागते.

आणि पुढचं बंदर घेईलच असंही नसतं. जानेवारी २०२२ च्या पहिल्याच आठवड्यात मुंबईहून गोव्याला गेलेलं ‘कॉर्डेलिया’ जहाज मुरगाव बंदरात थांबवलं गेलं. सुमारे दोन हजार लोकांच्या चाचण्या झाल्या आणि ६६ जण बाधित निघाले. प्रवाशांना उतरू दिलं नाही आणि अखेर जहाज मुंबईला परत पाठवलं गेलं. गोव्याच्या बाजूनं विचार केला तर त्यांची भीती समजू शकते. ओमायक्रॉनची लाट चढत होती आणि रुग्णालयांचा भार त्यांना उचलायचा होता. प्रवाशांच्या बाजूनं पाहिलं तर किनारा समोर दिसत असताना परत फिरणं जिवावर येणारच. दोघांचंही चुकलं असं मला वाटत नाही. चुकलं ते हे की जहाज मुंबईतून निघण्यापूर्वी ‘आजारी निघाले तर कुठे उतरवायचे, किती जणांना आणि कोणाच्या खर्चानं’ हा करार झालेला नव्हता. सहलीच्या जहाजाला परवानगी देताना हा कागद आधी मागितला पाहिजे. साथीच्या काळात अशा जहाजावर लशीचा दाखला सक्तीचा करणंही मला रास्त वाटतं. सहलीला जाणं कोणावर बंधनकारक नाही. ज्याला लस नको आहे त्यानं ती सहल पुढे ढकलावी. आणि हे काही नवं नाही. पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं पुस्तक आपल्या खलाशांच्या बॅगेत पिढ्यान्‌पिढ्या आहे. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या काही बंदरांना जायचं तर ते पुस्तक दाखवावं लागतं, आणि त्यावरून कोणी स्वातंत्र्याचा प्रश्न उभा केल्याचं ऐकिवात नाही.

आता रायगडच्या किनाऱ्याकडे वळू. इथे प्रश्न पार वेगळा होतो. घारापुरीला जाणारा पर्यटक लेणी बघायला जातो. पण घारापुरीत राहणाऱ्या माणसाला दवाखाना, महाविद्यालय, बाजार, सरकारी कचेरी यांतल्या कशासाठीही समुद्र ओलांडावाच लागतो. मोरा ते भाऊचा धक्का, रेवस ते भाऊचा धक्का, दिघी ते आगरदांडा या फेऱ्यांत रोज कामाला जाणारी माणसं असतात, टोपली घेऊन निघालेल्या कोळणी असतात, डॉक्टरकडे नेलं जाणारं लेकरू असतं. त्या माणसाला ‘लस नाही तर बोट नाही’ म्हणणं म्हणजे गावाची वेस बंद करणं. सहल पुढे ढकलता येते, डायलिसिसची तारीख ढकलता येत नाही.

२७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशानं महाराष्ट्र सरकारनं सार्वजनिक वाहतुकीसाठी पूर्ण लसीकरणाची अट घातली होती. हेतू वाईट नव्हता; लसीकरण वाढावं असा होता. पण मुंबईच्या लोकलबाबत अशाच अटीचा वाद उच्च न्यायालयात गेला, आणि लोकलबाबतचे आदेश काढताना कायद्यानं ठरवून दिलेली पद्धत पाळली गेली नाही यावर न्यायालयानं बोट ठेवलं. त्यानंतर २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जेकब पुलियेल खटल्यात निकाल दिला. न्या. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठानं दोन गोष्टी सांगितल्या. कोणालाही जबरदस्तीनं लस देता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकारला बंधनं घालता येतील. ती बंधनं कारणाच्या प्रमाणात असली पाहिजेत. लस न घेतलेल्याकडून लस घेतलेल्यापेक्षा जास्त संसर्ग होतो असा पुरावा तेव्हा सरकारांनी न्यायालयापुढे ठेवला नव्हता, म्हणून त्या काळातली बंधनं प्रमाणाबाहेरची आहेत असं न्यायालयाला वाटलं. या निकालाचा अर्थ ‘कोणतीच अट नको’ असा काढला जातो. मला तो तसा वाटत नाही. अट घालणाऱ्यानं आधी पुरावा दाखवावा, आणि अटीमुळे माणसाचं जे अडतं ते त्या पुराव्याशी तोलून बघावं, असं तो सांगतो. या तराजूत सहलीचं जहाज आणि मोऱ्याची लाँच एकाच बाजूला कधीच बसणार नाहीत.

मग रोजच्या फेरीत सहप्रवाशाचं रक्षण कशानं होणार? मास्कनं आणि मोकळ्या हवेनं. इथे एक आक्षेप हमखास येतो. समुद्रावर एवढा वारा सुटलेला असताना मास्क कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. गेटवेहून मांडव्याला जाणारी कॅटमरान आठवा. वरचा डेक उघडा, तिथे वारा तोंडावर येतो, केस उडतात, बाजूला बसलेल्याचा श्वास क्षणात विरून जातो. तिथे मास्कची सक्ती करणं निरर्थक, आणि निरर्थक नियमानं बाकीच्या नियमांवरचाही विश्वास उडतो. पण खालच्या मजल्यावर वातानुकूलित केबिन असते. काचा बंद, दार बंद, खुर्चीला खुर्ची लागलेली, आणि तीच हवा पुन्हापुन्हा फिरणारी. पाऊणएक तास तिथे बसायचं असतं. मांडव्याला उतरल्यावर त्याच तिकिटात अलिबागपर्यंतची बस मिळते. तिच्यात पुन्हा काचा लावून तितकाच वेळ जातो. साथीचे नियम बोटीच्या दारात कडक आणि बसच्या दारात सैल असायचे, पण विषाणूला तिकीट एकच आहे की दोन, याच्याशी काही देणंघेणं नसतं. म्हणून नियम वाहनाच्या नावावर न लिहिता जागेवर लिहावा: छत आणि बंद काचा असतील तिथे मास्क, उघड्यावर ऐच्छिक. आणि साथीच्या काळात उघड्या डेकवरच्या जागा वृद्धांना आणि गरोदर बायकांना आधी द्याव्यात. आज त्याच जागांना जास्त भाडं पडतं, हे त्या काळापुरतं तरी बदलावं लागेल.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुरूड, काशीद, नागाव, अलिबाग इथली खानावळ, घोडागाडी, घरगुती खोल्या, राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या, सगळं शनिवार-रविवारच्या पाहुण्यावर चालतं. पावसाळ्यात गेटवे-मांडवा फेऱ्या बंद असतात. सप्टेंबरपासून मे महिन्यापर्यंत कमावलेल्यावर वर्ष काढायचं असतं. अटी वाढल्या की पाहुणा घटतो, हे खरं आहे. पण २०२० आणि २०२१ मध्ये या किनाऱ्याचं सर्वांत जास्त नुकसान अटींनी केलं नाही, अनिश्चिततेनं केलं. आज परवानगी, उद्या बंदी, परवा निम्मी क्षमता. राजपुरीच्या होडीवाल्याला पुढच्या शनिवारी होडी सोडायची की नाही हे शुक्रवारपर्यंत कळत नसे. कोणत्या पातळीला काय लागू होईल आणि ते किती आठवड्यांनी आपोआप संपेल, हे आधीच छापून ठेवलेलं असेल तर धंदा त्याप्रमाणे हिशेब मांडू शकतो. मुदत न लिहिलेला नियम मात्र धंद्यालाही मारतो आणि लोकांच्या मनातही कुजतो. महाराष्ट्रात सगळे निर्बंध उठले ते २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला. त्याच्या कितीतरी आधी बहुतेकांचे मास्क हनुवटीवर उतरलेले होते.

‘साथ येईल तेव्हा बघू’ म्हणणाऱ्यांना या समुद्राचा अनुभव आठवावा. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाच्या स्पीडबोटीनं धडक दिली, १५ जणांचा जीव गेला, आणि त्यानंतर गेटवेच्या बोटींवर प्रत्येक प्रवाशाला लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. जॅकेट काही त्या दिवशी शोधून काढलेलं नव्हतं; सक्ती मात्र जीव गेल्यावर आली. साथीच्या बाबतीत तसं होऊ नये. महाराष्ट्र सागरी मंडळ, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग आणि बोटमालक यांनी एका बैठकीत बसून साथीच्या काळाचा चार पानांचा नियम लिहावा, इतकं हे काम छोटं आहे. ते हंगाम सुरू होण्यापूर्वी करावं आणि तिकिटाच्या खिडकीशी मराठीत लावावं.

त्या चार पानांत एक कलम खलाशांचं असलं पाहिजे, कारण योकोहामात ते राहून गेलं होतं. प्रवासी तासाभरानं उतरून जातो. सारंग, खलाशी, दोर फेकणारा पोरगा आणि तिकीट फाडणारा माणूस दिवसभर त्याच हवेत असतो, रोज शेकडो लोकांच्या अंगाशी येतो. लस आली की सर्वांत आधी त्यांना, मोफत आणि धक्क्यावरच मिळावी. त्यांचे मास्क मालकानं द्यावेत. आणि अंगात कणकण असलेल्या खलाशानं घरी राहावं असं वाटत असेल, तर त्या दिवसाची मजुरी त्याला मिळायला हवी. यातले बरेच जण रोजंदारीवर किंवा हंगामापुरत्या बोलीवर असतात. मजुरी कापली जाणार असेल तर तो ताप लपवून कामावर येईल, आणि खालच्या केबिनमध्ये साठ-सत्तर माणसांना हात धरून उतरवील. या मजुरीचा भार साथीच्या काळात तिकिटामागे एखाद-दोन रुपये वाढवून उचलता येईल, आणि मांडव्याचं तिकीट काढणारा प्रवासी तेवढे देईल अशी माझी खात्री आहे.