दंडाचा आकडा आणि बोटाचा आकडा

गोवंडीच्या बचत गटातून आम्ही बोलतोय.

हल्ली आमच्या बैठकीत हप्त्यांच्या हिशोबासोबत साखरेचे आकडेही निघतात. गटातल्या एका ताईंच्या दंडावर सेन्सर आहे. नाण्याहून थोडी मोठी चकती, १४ दिवस चालते, मोबाइल जवळ नेला की आकडा दिसतो. परवा जेवण झाल्यावर सेन्सरने १६० दाखवले. लगेच बोट टोचलं तर १९५! घरचे म्हणाले, "एवढे पैसे घालून मशीन खोटंच निघालं."

पण बायांनो, खोटं कुणीच बोलत नव्हतं. बोटाच्या थेंबात रक्तातली साखर मोजली जाते. सेन्सरची बारीक तार कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजते. साखर आधी रक्तात येते, मग त्या पाण्यात उतरते. वस्तीत पाणी सोडलं की नाक्यावरच्या नळाला आधी येतं, गल्लीच्या टोकाला मागाहून. तसंच हे. सेन्सर साधारण ५ ते १५ मिनिटं मागे असतो.

म्हणून जेवणानंतर साखर चढत असताना सेन्सर कमी दाखवतो. इन्सुलिन घेतल्यावर किंवा अंगमेहनतीनंतर साखर उतरत असताना तो जास्त दाखवतो. हा दुसरा फरक जपण्यासारखा. सेन्सरवर ८५ दिसतील आणि रक्तात साखर ७०च्या खाली गेलेली असेल.

फरकाची आणखी कारणं आहेत. नव्या सेन्सरचा पहिला दिवस कच्चा असतो. त्याच दंडावर झोपलं तर दाबामुळे आकडा खोटा खाली जातो. बोटाची तपासणीही चुकते. आंबा कापलेला, गूळ फोडलेला हात तसाच टोचला तर साखर उगीच जास्त दिसते. डबीचं झाकण उघडं राहिलं, तर पावसाळ्यात पट्ट्या दमट होतात. आणि चांगल्या मशीनलाही थोडी सूट असते: खरी साखर २०० असेल तर १७० ते २३०मधला आकडा मान्य धरतात.

मग करायचं काय? दोन्ही आकडे ताडून बघायचे तर सकाळी उपाशीपोटी किंवा जेवणाआधी, साखर स्थिर असताना बघा. हात साबणाने धुऊन कोरडे करा, पट्टीची तारीख बघा. दोन्ही आकडे, वेळ आणि काय खाल्लं ते वहीत लिहा. स्थिर असतानाही रोज मोठा फरक येत असेल तर वही डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिन किंवा गोळी आपल्या मनाने कमीजास्त करू नका.

घाम सुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, की सेन्सर काहीही म्हणो, बोट टोचा. ७०च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. पट्टी हाताशी नसेल तर थांबू नका, साखर घ्याच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ला फोन करा.

आपल्याला दुखणं अंगावर काढायची सवय आहे. आकडा बरा दिसतोय म्हणून घाम पुसून चुलीपुढे बसू नका. घरच्यांनाही हे आजच सांगून ठेवा, कारण वेळ आली तर साखरेचं पाणी त्यांनाच करून द्यावं लागेल.