नकाशावर आपली वस्ती
(बोईसर येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत दिलेले भाषण)



आजचा विषय रुक्ष आहे. विकास योजना, आरक्षण, हरकती हे शब्द कचेरीतले. दिवसभर कारखान्यात राबून आलेल्या माणसास ते ऐकविणे म्हणजे त्याच्या सहनशीलतेची परीक्षाच होय. तरीही मी हा विषय घेतला, कारण येत्या काही वर्षांत आपल्यापैकी पुष्कळांचे घर राहते की जाते, हे याच शब्दांवर ठरणार आहे.

आपल्या भोवती काय चालले आहे ते पाहा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. कोळगाव परिसरातील दुग्धविकास विभागाची सुमारे ४४० हेक्टर जमीन त्यासाठी निवडण्यात आली. त्यांपैकी सुमारे १०३ हेक्टरांवर सिडकोने जिल्हा मुख्यालय उभारावे आणि त्या मोबदल्यात उरलेल्या जमिनीवर नवे नगर वसवून विकावे, अशी योजना ठरली. मुख्यालयाचे उद्घाटन ऑगस्ट २०२१ मध्ये झाले. इकडे बोईसरला जलद रेल्वेचे स्थानक व्हावयाचे आहे आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली आहे. जेथे बंदर, रेल्वे आणि कारखाने, तेथे हजारो नवी घरे येणारच. नव्या घरांना आपला विरोध असण्याचे कारण नाही. आपल्याला विचारावयाचे ते एवढेच की, त्या नकाशावर आपली वस्ती कोठे आहे?

नगरपालिकेचा कागद आणि माणसाचा हक्क यांत किती अंतर असते, हे आपल्याला महाडने शिकविले आहे. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केले. पण पाणी कोणास मिळाले? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे लोक तळ्यावर चालत गेले, तेव्हा कोठे त्या कागदाला अर्थ आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. दावा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. हक्क बजावावा लागतो आणि त्याचा पुरावा जपून ठेवावा लागतो, हे दोन्ही धडे त्यात आहेत.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजना करण्यापूर्वी जमिनीचा आज कसा वापर होत आहे, याचा नकाशा तयार करावा लागतो. आपली वस्ती, विहार, विहीर, स्मशानभूमी या नकाशात आली नाही, तर पुढे तेथे रस्ता किंवा बगीचा आखणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने ती जागा मोकळीच असते. त्यानंतर योजनेचे प्रारूप प्रसिद्ध होते आणि कलम २६ प्रमाणे हरकती व सूचना देण्यास तीस दिवस मिळतात. ज्याने हरकत लेखी दिली, त्यास नियोजन समितीपुढे सुनावणी मिळावी, असे कलम २८ सांगते. ज्याने दिली नाही, त्याला समितीपुढे उभे राहण्याचा आधारच उरत नाही. जिल्ह्याचा जो भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, तेथे भूसंपादनापूर्वी ग्रामसभा किंवा पंचायत यांचा विचार घेणे १९९६ च्या पेसा कायद्याने बंधनकारक केले आहे. त्या सभेस आपले आदिवासी बांधव जातात, तेव्हा आपणही त्यांच्या शेजारी बसले पाहिजे.

वेळेवर बोलणे का महत्त्वाचे, याचे उदाहरण शोधण्यास लांब जावयास नको. तारापूर अणुशक्ती केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. पुनर्वसनातील उणिवांसाठी त्या लोकांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. घर गेल्यावर मागितलेला न्याय वर्षानुवर्षे चालतो. घर उभे असताना दिलेल्या एका अर्जाला मात्र एक दुपार पुरते.

माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांजवळ बहुधा घरपट्टीची जुनी पावती असते, परंतु गट नंबर ठाऊक नसतो. “आमची वस्ती वाचवा” असा अर्ज भावनेला भिडतो, पण अधिकाऱ्याला तो नकाशावर ठेवता येत नाही. म्हणून प्रत्येक वस्तीने पुढील कामे आजच हाती घ्यावीत. आपला गट नंबर काढा. तो नगर परिषदेच्या, सिडकोच्या की औद्योगिक विकास महामंडळाच्या हद्दीत येतो, हे लेखी विचारा, कारण प्राधिकरण बदलले की अर्जाची कचेरी आणि रीतही बदलते. सातबारा, घरपट्टी, वीजबिल, मतदारयादी यांच्या प्रती एका फाईलीत ठेवा. जाहीर सूचना वर्तमानपत्रात आणि कचेरीच्या फलकावर पाहण्याचे काम दोन शिकलेल्या तरुणांवर सोपवा. अर्ज घराघरातून स्वतंत्र द्या आणि पोच घेतल्याशिवाय कचेरी सोडू नका. सुनावणीस भगिनींनी अवश्य जावे. पाणी कोणत्या वेळी येते आणि शाळा किती दूर आहे, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक आहे?

केवळ हरकत घेऊन थांबू नका, सूचनाही करा. नव्या नगरात अल्प उत्पन्नाची घरे किती, कामगारांसाठी लहान भूखंड किती, प्राथमिक शाळा आणि दवाखाना कोठे, हे आकडे मागा आणि आपले आकडे द्या.

आणखी एक गोष्ट धर्मांतरित कुटुंबांपुरती. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींसाठी घरे राखीव असतात. रमाई आवास योजना तर अनुसूचित जाती व नवबौद्ध यांच्यासाठीच आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. परंतु ज्याच्या दाखल्यावर केवळ ‘बौद्ध’ असे लिहिले आहे आणि ज्याने जातीचे प्रमाणपत्र काढलेले नाही, त्याचा अर्ज अडू शकतो. प्रमाणपत्र काढल्याने आपला धम्म उणा होत नाही. सोडतीची जाहिरात येण्याची वाट न पाहता ते काढून ठेवा.

येत्या रविवारी प्रत्येक वस्तीने पाच माणसांची समिती नेमावी, त्यांत निदान दोन भगिनी असाव्यात आणि पहिला अर्ज महिनाअखेर कचेरीत पोचावा, एवढी माझी विनंती आहे. अर्जाचा मसुदा मी विनामूल्य तपासून देईन.

जय भीम.