फोनवरचा चोर आणि गावाचा बांध
(शेतकरी बंधू-भगिनींसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)

आपल्या वडखळ-पेणच्या खारेपाटात उधाण म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. बाहेरकाठ्यात खेकड्याने बीळ केले आणि तिकडे दुर्लक्ष झाले, की एक दिवस तिथेच खांड पडते व खारे पाणी भातशेतीत शिरते. अशा वेळी ज्याला खांड दिसते तो लाजून घरात बसत नाही. तो हाका मारतो आणि गाव धावतो.

आज ज्या चोरीविषयी बोलायचे आहे, तिच्या बाबतीत आपण नेमके उलटे वागतो. फोनवरून पैसे गेले, की माणूस गप्प बसतो. लोक हसतील, घरचे बोलतील म्हणून दोन दिवस काढतो. तेवढ्यात पैसा पार निघून जातो.

ही चोरी मुख्यतः तीन तऱ्हांनी होते. त्या नीट समजून घ्या.

पहिली तऱ्हा योजनेच्या नावाची. पी.एम. किसानचे वर्षाला ६,००० रुपये दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत आपल्या खात्यात येतात, हे चोराला ठाऊक असते. ‘तुमचा हप्ता अडकला आहे, ही फाईल उघडा’ असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. फाईलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. ती फोनमध्ये बसवली आणि मागेल ती परवानगी दिली, की बँकेचे संदेश चोर वाचू लागतो. मग ओटीपी तुम्ही सांगायची गरजच उरत नाही. तेव्हा अशी फाईल ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडू नका, कारण त्याचाही फोन चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. हप्त्याची चौकशी सेवा केंद्रात किंवा कृषी कार्यालयात जाऊन करा. सौरपंपाच्या नावानेही खोटी संकेतस्थळे निघाली आहेत. कुणा अनोळखी माणसाच्या खात्यावर पैसे भरू नका.

दुसरी तऱ्हा गिऱ्हाइकाची. समजा, तुम्हाला पेंढा विकायचा आहे. फोनवरचा माणूस भाव न करताच ‘घेतो’ म्हणतो आणि सांगतो, ‘हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.’ इथेच थांबा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो द्यायला. एवढे एक वाक्य पाठ केले तरी पुष्कळ झाले.

तिसरी तऱ्हा भीतीची. ‘मी पोलीस बोलतोय, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कुणाला सांगू नका.’ बरं का मंडळी, अशी अटक कायद्यातच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हे सांगितले आणि तीन पावले सुचवली : थांबा, विचार करा, मग कृती करा. ‘कुणाला सांगू नका’ असे जो सांगतो, तोच चोर समजा.

आता एवढे करूनही पैसे गेलेच तर? चोर ते पैसे थोड्याच वेळात एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवतो. म्हणून ताबडतोब १९३० हा क्रमांक लावा. तक्रार संबंधित बँकांकडे जाते आणि वाटेत सापडतील ते पैसे गोठवता येतात. रक्कम, वेळ आणि बँकेच्या संदेशातील व्यवहार क्रमांक जवळ ठेवा. फाईल बसवली असेल तर त्या फोनचे इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बोला. लगेच बँकेलाही कळवून तक्रार क्रमांक घ्या. आपण पिन स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान आपल्याच पदरी पडते. कळवल्यानंतर होणारे नुकसान मात्र बँकेने सोसायचे, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घातला. म्हणजे उशीर दोन्हीकडून महाग पडतो.

हे एकेकट्याचे काम नाही. गावानेच मोहीम काढली पाहिजे. ती अशी काढता येईल :

१. ग्रामसभेत पंधरा मिनिटे या विषयाला द्या. बँकेचा किंवा पोलीस ठाण्याचा माणूस बोलवा.

२. वडखळ नाका, रेशन दुकान, भातगिरणी, खताचे दुकान, सोसायटी अशा ठिकाणी ‘पैसे गेले? लाजू नका, १९३० लावा’ असा ठळक अक्षरांत फलक लावा.

३. बचत गटाच्या बैठकीत खोट्या फोनचे सोंग करा. एकीने चोर व्हावे, दुसरीने उत्तर द्यावे. ऐकलेले विसरते, केलेले लक्षात राहते.

४. शाळेतल्या मुलांनी आजी-आजोबांच्या फोनजवळ भिंतीवर १९३० लिहून ठेवावे.

५. गणपतीत मुंबईची मंडळी घरी येतात. आरतीनंतर पाच मिनिटे हाच विषय घ्या.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्याचे पैसे गेले त्याला ‘एवढे कसे कळले नाही’ असे विचारू नका. शिकलेसवरलेले, अधिकारीसुद्धा फसले आहेत. त्याला आधी फोन लावून द्या. एकाने तोंड उघडले, की दहा घरे सावध होतात. खांड पडली की हाक मारायची, ही आपल्या खारेपाटाची जुनी रीत आहे. तीच इथे चालवा.