बंद करून पुन्हा चालू करा



स्वागत समितीतर्फे आपणा सर्वांचं मुंबईत मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षानं जेवणाची वेळ सांगावी आणि खाली बसावं, हे उत्तम. जेवण १ वाजता, तळमजल्यावर. पण लॅमिंग्टन रोडवर ३० वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याच्या हाती माइक दिलात, तेव्हा थोडं सोसा.

आजचा विषय चुंबकीय मेमरी. या शहराला ती नवी नाही. इथल्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, १९६० साली टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला, तेव्हा त्याची मेमरी तारांत ओवलेल्या फेराइटच्या इवल्या कड्यांची होती. ४० बिटांचे २०४८ शब्द, बस्स! कडीचं चुंबकत्व एका दिशेला असलं की शून्य, उलट दिशेला असलं की एक; आणि वीज गेली तरी ते तसंच राहायचं. पुढे सिलिकॉनची डीरॅम ही मेमरी स्वस्त पडली आणि कड्या मोडीत गेल्या. डीरॅम म्हणजे गळका माठ. त्यातला विद्युतभार सतत झिरपतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. लाइट गेली की माठ रिकामा.

एमरॅम या नव्या मेमरीत चुंबकत्व परत आलं आहे, पण कडीऐवजी दोन पातळ थर आहेत आणि मध्ये नॅनोमीटरभर जाडीचा विद्युतरोधक पडदा. दोन्ही थरांची दिशा एक असली की वीज पडद्यातून सहज पार होते, विरुद्ध असली की अडखळते. हा परिणाम नेहमीच्या तापमानाला ठळकपणे मिळतो, हे १९९५ साली अमेरिकेत एमआयटीमधल्या जगदीश मूडेरांच्या गटानं आणि जपानात मियाझाकींनी दाखवलं. मूडेरा मूळचे भारतातले, म्हणून जरा जास्तच अभिमानानं सांगतो. २००६ साली फ्रीस्केल कंपनीनं ४ मेगाबिटची एमरॅम चिप बाजारात आणली.

मग आपल्या लॅपटॉपमध्ये ती का नाही? एव्हरस्पिन कंपनीची मोठी एमरॅम चिप १ गिगाबिटची. डीरॅमच्या १६ गिगाबिटच्या चिप सर्रास मिळतात. शिवाय थराची दिशा उलटवायला करंटही बऱ्यापैकी लागतो. त्यामुळे डीरॅमची जागा ती लवकर घेईल, असं मला वाटत नाही. तिचं खरं घर मनगटावर आहे. घड्याळातली चिप बहुतेक वेळ झोपलेली असते, आणि झोपेत मेमरी जपायला वीज लागली नाही तर बॅटरी पुरते. अँबिक कंपनीच्या अपोलो४ या चिपमध्ये २ मेगाबाइट एमरॅम आहे, ती याचसाठी.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. गिऱ्हाइकाचा फोन आला की मी सांगायचो, ‘बंद करा, दहापर्यंत मोजा, चालू करा.’ पुष्कळदा तेवढ्यानं भागायचं आणि त्याचे पैसे मी कधी घेतले नाहीत. ही युक्ती चालायची, कारण रॅमला विसरायची सवय होती. मुख्य मेमरीच विसरेनाशी झाली, तर काल रात्रीचा घोळ सकाळी तसाच हजर. पासवर्डही तिथेच, आणि मशीन तर मी दुकानात ठेवून घेतलेलं! तेव्हा पुसायचं काम कोणी करायचं? चिपनं, ऑपरेटिंग सिस्टिमनं, की दुरुस्तीवाल्यानं?

दुपारच्या सत्रातल्या वक्त्यांनी एवढं जरूर सांगावं. मी पहिल्या रांगेत, डावीकडच्या टोकाला बसलो आहे.