समुद्र, हिमनदी आणि आपली कौटुंबिक सहल



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी सहल समितीच्या वतीने चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, हा आम्ही आमचा गौरव समजतो. गणेशोत्सव, नाटक आणि व्याख्याने यांच्यापुढे सहल हा मंडळाचा धाकटा कार्यक्रम. तथापि आजीपासून नातवापर्यंत सारे कुटुंब एकाच बसमध्ये बसते, असा कार्यक्रमही हाच. म्हणून त्याविषयी थोडे गांभीर्याने बोलण्याची अनुज्ञा असावी.

अलीकडे आपल्या पुष्कळ घरांत परदेशस्थ मुलांकडून सहलींची छायाचित्रे येतात. आइसलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर तर म्हणे एका दिवसात सारे साधते. सकाळी साठ मीटर उंचीचा स्कोगाफॉस धबधबा, दुपारी रेनिस्फ्यारा येथील काळ्या वाळूचा समुद्रकिनारा आणि सायंकाळपूर्वी हिमनदीच्या बर्फावर पाऊल! छायाचित्रे पाहून आनंद होतो, त्याचबरोबर मनात एक खंतही डोकावते. उद्या हीच नातवंडे सुट्टीत रायपूरला आली, तर त्यांना काय दाखवावे? येथे ना समुद्र, ना बर्फ. मग 'आमच्याकडे पाहण्यासारखे काही नाही' हे वाक्य आपणच त्यांच्यासमोर उच्चारतो. मुले ते लक्षात ठेवतात. जेथे पाहण्यासारखे काही नाही, तेथे पुन्हा कशाला यायचे, हे ठरवायला त्यांना फार वेळ लागत नाही. आजोबा-आजी आहेत तोवर ती येतील. पुढे काय, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आहे, जरी तो कोणी बोलून दाखवीत नसले तरी.

आमचे नम्र निवेदन एवढेच की, ते वाक्य खरे नाही. धबधबा, समुद्र आणि हिमनदी ही तिन्ही छत्तीसगडात आहेत. फरक इतकाच की, धबधबा आजचा आहे आणि उरलेली दोन फार जुनी आहेत.

प्रथम समुद्राचे पाहू. रायपूर, दुर्ग आणि भोवतालचा बराच प्रदेश चुनखडीच्या थरांवर वसलेला आहे. शंभर कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याहूनही आधी येथे उथळ समुद्र होता आणि त्याच्या तळाशी ही चुनखडी साचली. त्या काळी मासा नव्हता, शिंपला नव्हता; होते ते डोळ्यांना न दिसणारे जीव. त्यांनी थरावर थर रचले. कोबीचा गड्डा मधोमध कापावा तशी वळणे या चुनखडीत काही ठिकाणी दिसतात, ती त्यांचीच खूण. शास्त्रज्ञ त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. भिलाईच्या पोलाद कारखान्यात १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली. त्या कारखान्याला नंदिनीच्या खाणीतून जी चुनखडी मिळत आली, ती या समुद्राचीच ठेव. आपल्या परिसरातील सिमेंटचे कारखानेही याच ठेवीवर उभे राहिले. आपल्या घरांच्या भिंतींत अशा रीतीने समुद्राचा अंश आहे.

आता हिमनदी. राज्याच्या उत्तरेस मनेंद्रगड येथे हसदेव नदीच्या काठी जे खडक उघडे पडले आहेत, ते सुमारे अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीचे. त्या काळी आपली भूमी आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांना जोडलेली असून दक्षिण ध्रुवाकडे होती. बर्फाने वाहून आणलेले लहानमोठे गोटे त्या खडकांत रुतून बसलेले आहेत. पुढे बर्फ वितळले, समुद्राची पातळी वाढली आणि पाणी येथवर शिरले. थंड समुद्रात राहणाऱ्या शिंपल्यांचे अवशेष म्हणूनच तेथे सापडतात. १९८२ साली या स्थळास राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा मिळाला. बर्फ गेल्यावर जी अरण्ये वाढली, त्यांचाच कोरबा आणि चिरमिरी येथील कोळसा झाला. त्या विशाल प्राचीन भूखंडाला जगाने 'गोंडवन' हे नाव दिले, तेही आपल्या शेजारी नांदणाऱ्या गोंड समाजाच्या भूमीवरून.

राहिला धबधबा. कांगेर खोऱ्यातील तीरथगड सुमारे तीनशे फूट उंचीवरून पायरीपायरीने उतरतो. इंद्रावतीवरील चित्रकोट सुमारे पंचाण्णव फूट उंच. पण पावसाळ्यात त्याचा विस्तार जवळजवळ हजार फूट होतो आणि घोड्याच्या नालेसारखा त्याचा आकार नजरेत मावत नाही. हे पाणी पुढे गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेवर सोमनूरजवळ गोदावरीला मिळते. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेल्या नदीची आणि बस्तरच्या नदीची अशी ही भेट होते. नातवंडांना चित्रकोटच्या काठी उभे करून एवढे जरी सांगितले, तरी नाशिक आणि जगदलपूर त्यांच्या मनात एका धाग्याने बांधले जातील.

दगड दाखवून मुलाची समुद्राची हौस भागत नाही, हे आम्ही जाणतो. लाटांत पाय भिजवायचे तर पुरीलाच गेले पाहिजे आणि बर्फाचा गोळा करायचा तर हिमालयातच. परंतु बर्फ कायमचा नसतो, हे मात्र आपली भूमी जितके स्पष्ट सांगते तितके छायाचित्र सांगत नाही. आइसलंडमधील 'ओक' हा बर्फाचा विस्तार आता हिमनदी म्हणवण्याजोगा उरला नाही, असे २०१४ साली तेथील शास्त्रज्ञांनी ठरवले आणि २०१९ साली त्याच्या स्मरणार्थ फलक बसवला गेला. मनेंद्रगडचे गोटे ज्याने पाहिले, त्या मुलाला या बातमीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपूरला आले, तेव्हापासून मराठी माणसाचे येथे वास्तव्य आहे. राज्य गेले, माणसे राहिली. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले आणि या भूमीचे नाव आपल्या कार्याच्या कपाळी लिहिले. तरीही 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न आपल्याला अजून विचारला जातो, आणि कधी कधी आपणही तो स्वतःला विचारतो. आमच्या मते भूमी आपली होते ती जुन्या सनदांनी नव्हे. पायाखाली काय आहे हे मुलाला सांगता येते, तेव्हा ती आपली होते.

म्हणून सहल समितीच्या तीन सूचना आहेत. पहिली सहल अर्ध्या दिवसाची, आपल्याच परिसरातील चुनखडी पाहण्याची. दुसरी बस्तरची, नोव्हेंबर-डिसेंबरात. पावसाळ्यात बंद असलेली कोटुमसरची गुहा त्या वेळी खुली असते आणि चित्रकोटला पाणीही असते. रात्री निघून जगदलपूर गाठले, की तीरथगड, कोटुमसर आणि चित्रकोट ही तिन्ही एका दिवसात होतात. गुहेतील अंधारात राहून दृष्टी क्षीण झालेले मासे पाहून मुले घरी आल्यावर शंभर प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरे वडीलधाऱ्यांनी तयार ठेवावीत. तिसरी सहल मनेंद्रगडची, मुक्कामाची. तेथला एकही गोटा किंवा शिंपला कोणी खिशात घालू नये, ही मात्र सक्त विनंती.

डब्यात चकलीशेजारी ठेठरी आणि खुरमी असावी, हे सांगण्याची गरज नाही. आपल्या स्वयंपाकघरांनी हा प्रश्न कधीच सोडवला आहे.

येत्या सुट्टीत जी नातवंडे येतील, त्यांची नावे आजच समितीकडे नोंदवावीत, एवढी प्रार्थना करून आणि मंडळाच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा देऊन आम्ही आपली रजा घेतो.