बाजारांतला हिशेब आणि पाटीवरचें गणित
(पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



"आमच्या पोराला गणिताचें डोकें नाहीं," असें म्हणून आपण पोराला शाळेंतून काढतों आणि कामाला जुंपतों. हा निकाल दिला कोणीं? परीक्षेच्या कागदानें. तो खरा आहे काय, एवढेंच आज आम्हांस विचारावयाचें आहे.

ब्राझील देशांत रेसीफी नांवाचें शहर आहे. तेथें गरिबांचीं मुलें बाजारांत नारळ व फळें विकीत. टेरेझिन्हा कॅराहर, डेव्हिड कॅराहर व आनालूसिया श्लीमान या संशोधकांनीं अशा पांच मुलांची परीक्षा घेतली व ती १९८५ सालीं प्रसिद्ध केली. आधीं गिऱ्हाईक होऊन ६३ हिशेब विचारले; शेंकडा ९८ बरोबर! मग त्याच मुलांना तसलींच उदाहरणें कागद-पेन्सिल देऊन घातलीं. गोष्टीच्या रूपानें घातलेलीं शेंकडा ७४ बरोबर आलीं. नुसते आंकडे मांडून घातलेलीं अवघीं ३७.

एका पोराजवळ ३५ ला एक असे चार नारळ मागितले. तिघांचे १०५, त्यांत ३० मिळवून १३५, आणखी ५ मिळवून १४०. हिशेब चोख! मग तेंच ३५ गुणिले ४ कागदावर आलें. चार पंचे वीस, शून्य मांडलें, हातचे दोन. ते दोन त्यानें गुणण्याआधींच तिनांत मिळवले, पांच चोक वीस केले आणि उत्तर लिहिलें २००! आतां हा पोरगा शहाणा कीं मठ्ठ?

लांब कशाला जा? आपल्याच देशांत कलकत्ता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १४३६ मुलांची पाहणी २०२५ सालीं छापून आली. निष्कर्ष तोच. शेजारच्या शाळांतील, कधीं विक्री न केलेलीं ४७१ मुलेंही तपासलीं. त्यांना साधीं लेखी उदाहरणें अधिक बरीं आलीं. पण बाजाराचा जो हिशेब विकणाऱ्या मुलांपैकीं तिसऱ्या हिश्शाहून अधिक जणांनीं सोडविला, तो यांच्यांत शंभरांत एकालाच आला. एकाचें ज्ञान बाजारांत अडलें, दुसऱ्याचें वहींत. मधें सांकव कोणीं घातलाच नाहीं!

कोणी म्हणेल, "मग शाळा हवी कशाला?" हें आम्हांस मुळींच कबूल नाहीं. नारळाचा हिशेब नारळापाशींच थांबतो. कर्जाचें व्याज, जमिनीची मोजणी, कारखान्यांतलीं मापें यांना लेखी गणितच लागतें. शाळा सोडणें हा उपाय नव्हे. पोराला येतें तेथून धरून शाळेनें त्याला पुढें नेणें हा उपाय. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनला दिलेल्या निवेदनांत प्राथमिक शाळेंत हिशेब व शेतीचें ज्ञान मागितलें होतें. मागणी जुनीच आहे.

तर आज रात्रीं पोराला, पोरीला जवळ घ्या. बाजारचा हिशेब तोंडीं विचारा. कसा केला तें सांगावयास लावा, आणि तीच रीत पाटीवर मांडून घ्या: तीस चोक १२०, पांच चोक २०, मिळून १४०. मास्तरांनाही तसेंच शिकविण्याची विनंती करा. मगच डोकें आहे कीं नाहीं तें बोला. तोंवर पोराचें दप्तर खुंटीला टांगूं नका, एवढीच आमची हात जोडून विनंती आहे.